शेवटची दिसली तेव्हा जिवंत

अळी मेली हे कसं ओळखायचं, हा आमच्या प्रयोगशाळेतला पहिला धडा. विद्यार्थी नवा असो, नाहीतर परदेशातून पीएच.डी. करून आलेला असो, मी त्याला मायक्रोस्कोपसमोर बसवायची, हातात पिक द्यायची आणि सांगायची, "नाकावर हलकेच टेकव. हलली तर जिवंत." पिक म्हणजे काचेच्या नळीच्या टोकाला वितळवून बसवलेली प्लॅटिनमची केसाएवढी तार, पुढे ठोकून चपटी केलेली. ज्याचा हात जड त्याला पापणीचा एक केस काडीला चिकटवून द्यायचा. आमची अळी म्हणजे सी. एलिगन्स नावाचा सूत्रकृमी, जेमतेम एक मिलिमीटरची, काचेसारखी आरपार. तिला लोखंडी सळई टोचल्यासारखं झालं तर ती आमच्यामुळेच मरायची.

सोपं वाटतं, पण नाही. म्हातारी अळी लगेच हलत नाही. तीन आठवड्यांची झाली की तिची कांती सुरकुतल्यासारखी दिसू लागते, घशाची उघडझाप मंदावते, ती एकाच जागी पडून राहते. तार टेकवली की बराच वेळ काहीच होत नाही. मग डोकं, तेही अगदी टोकाचं, जरासं डुलतं. नवखी पोरं तेवढं थांबत नाहीत, 'मेली' म्हणून खूण करून मोकळी होतात. मी मागून म्हणायची, "थांब. अजून थांब." हे 'थांब' मी तीस वर्षं म्हटलं असेन.

मी वार्धक्याच्या जनुकशास्त्रात काम केलं. मागच्या वर्षी निवृत्त झाले. सोसायटीत, लग्नकार्यात कोणी विचारलं की आधी 'जनुक' सांगायची, मग समोरच्याचा चेहरा पाहून 'जंत' सांगायची. दक्षिण मुंबईतल्या आमच्या संस्थेच्या वॉचमनने मला एकदा सरळ विचारलं होतं, "मॅडम, मग म्हातारपण न येण्यासाठी काय खायचं?" २००९ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की अळ्यांच्या खाण्यात थोडं ग्लुकोज मिसळलं तर त्या लवकर मरतात. ते मी त्याला सांगितलं, टपरीवरच्या, भरपूर साखर घातलेल्या कटिंगचा घोट घेत घेत. त्याने माझ्या ग्लासाकडे पाहिलं आणि काही बोलला नाही.

तर ती मोजणी. एका प्रयोगात शंभरेक साध्या अळ्या, शंभरेक म्युटंट, म्हणजे एखाद्या जनुकात बिघाड असलेल्या. रोज सकाळी प्रत्येकीला टेकवून बघायचं. तरुण असतात तोवर एकेक अळी शे-दोनशे, तीनशेपर्यंत पिल्लं घालते, म्हणून आईला उचलून रोज ताज्या प्लेटवर ठेवायचं, नाहीतर तीन दिवसांत लेकी मोठ्या होतात आणि कोण आई कोण लेक ते कळत नाही. रविवार नाही, गणपती नाही. पावसाळ्यात तर प्लेटवर बुरशी चढते. मुंबईच्या जुलैत बुरशीपासून अळी वाचवणं हे स्वतंत्र शास्त्र आहे आणि त्यावर कोणी पेपर लिहीत नाही.

तक्त्यात तीन रकाने असतात. जिवंत, मेल्या, आणि तिसऱ्यावर नुसतं 'से.' म्हणजे सेन्सॉर्ड. सिनेमाच्या सेन्सॉरशी याचा संबंध नाही. काही अळ्या प्लेटच्या भिंतीवर चढतात आणि तिथे वाळून जातात. काही अगारमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या जेलीत, खोल शिरतात. काहींच्या पोटातली अंडी बाहेर पडायच्या आधीच फुटतात आणि पिल्लं आईला आतून खाऊन बाहेर येतात. याला आम्ही 'बॅग' म्हणतो. आणि काही नुसत्या दिसेनाशा होतात. काल मोजल्या तेव्हा दहा होत्या, आज नऊ. दहावी कुठे गेली, कोणी पाहिलं नाही.

या सगळ्या 'से.' वार्धक्याने मेल्या असं म्हणता येत नाही. पण त्यांना काढूनही टाकता येत नाही, कारण सतराव्या दिवशी जी दिसली ती सतरा दिवस तर नक्की जगली, आणि ही माहिती फुकट घालवायची नसते. यासाठी एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर या दोघांची १९५८ सालची रीत आहे. दोघं वेगवेगळं काम करत होते, मग ते एकत्र छापलं गेलं. रीत अशी की हरवलेली अळी शेवटची दिसली त्या दिवसापर्यंत मोजायची. तोवर ती बाकीच्यांबरोबर आहे, तिच्यामुळे भागाकारातला छेद मोठा आहे. त्या दिवसानंतर ती छेदातून गळते. तिच्या नावावर मरण लागत नाही. संगणकाच्या फाइलीत मेलेलीसमोर १ लिहायचा, हरवलेलीसमोर शून्य. आलेखावरची रेघ प्रत्येक मरणाला एक पायरी उतरते. हरवलेलीला उतरत नाही, तिथे नुसती एक बारीक उभी खूण असते.

आमच्या घरात एक 'से.' आहे हे माझ्या लक्षात यायला मात्र बरीच वर्षं लागली.

माझं लहानपण लालबागच्या चाळीतलं. बाबा आणि बाळकाका दोघंही गिरणीत. बाबा कायम झालेले, काका बदली कामगार. पाळी मिळाली तर मिळाली, नाहीतर सकाळी गेटवर जाऊन परत. काकाचं लग्न झालं नव्हतं. तो पोटमाळ्यावर झोपायचा आणि मला गणितं घालायचा: एक कामगार चार साचे चालवतो, तर सहा कामगार किती? बरोबर आलं की लेमनची गोळी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगारांचा. पहिले काही महिने चाळीत उत्साह होता, मग भांडी विकली जाऊ लागली, मग माणसं गावाला जाऊ लागली. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. त्याच्या शेवटाची तारीख कुठल्याही पुस्तकात सापडायची नाही.

५ मे १९८३ ला काका "चार दिवस गावाला जाऊन येतो" म्हणून निघाला. बाबा त्याला परळच्या एस.टी. डेपोपर्यंत सोडायला गेले. कणकवलीची गाडी. रेक्झिनची पिशवी, त्यात माझ्यासाठी कोकम आणायला दोन रिकाम्या बाटल्या. बाबांनी त्याला खिडकीजवळ बसलेला पाहिला, गाडी सुटली आणि ते घरी आले. तीन आठवड्यांनी गावाहून कार्ड आलं: बाळ येणार होता, तो अजून का नाही आला?

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. पोलिसांत गेले, पेपरात फोटो दिला, गोव्यापर्यंत माणूस पाठवला. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मला वाटायचं की अशा गोष्टीचा एक दिवस निकाल लागतो.

कलिन्याला एम.एस्सी. केलं, मग यीस्टवर पीएच.डी. सुरू केली. वार्धक्य हा विषय तेव्हा हुशार माणसाने टाळायचा विषय होता. आमचे एक सर म्हणायचे, यंत्र झिजतं तसं शरीर झिजतं, त्यात जनुकं कुठून आली? खरं तर तोवर पुरावा येऊ लागला होता. मायकेल क्लास याने १९८३ मध्येच जास्त जगणाऱ्या अळ्या शोधल्या होत्या, पण त्याला वाटलं, या कमी खातात म्हणून जगतात, एवढंच. पुढे तो विषय सोडून उद्योगात गेला आणि त्याच्याच अळ्यांवर काम करून १९८८ मध्ये टॉम जॉन्सन आणि डेव्हिड फ्रीडमन यांनी 'एज-१' हे जनुक जगासमोर ठेवलं. सोनं हातात घेऊन पितळ म्हणून परत ठेवणारा माणूस मला नेहमी आपला वाटत आला आहे.

मला ओढलं ते १९९३ च्या डिसेंबरातल्या 'नेचर'ने. सिंथिया केनियन आणि तिच्या सहकाऱ्यांचा पेपर. 'डॅफ-२' नावाच्या एका जनुकात बिघाड झालेली अळी दुप्पटीहून जास्त जगते. साध्या अळीचं सरासरी आयुष्य १८ दिवस, हिचं ४२. आणि नुसती जगते असं नाही. साध्या बहिणी मरून पडल्या असताना ही हिंडत असते. शिवाय 'डॅफ-१६' नावाचं दुसरं जनुक काढून घेतलं की हे सगळं वाढीव आयुष्य नाहीसं होतं. म्हणजे झीज ही झीज नव्हे, तिला कुठेतरी बटण आहे. अंक आमच्या लायब्ररीत उशिरा आला. मी तो उभ्या उभ्या वाचला आणि बसले.

त्याच वर्षी पावसाळ्यात बाबा गेले होते, ६१ व्या वर्षी, खोकून खोकून. कापसाची धूळ तीस वर्षं छातीत गेलेली. आजी तेव्हा ८५ वर्षांची होती, दाराशी बसून तांदूळ निवडत होती. एकाच घरातली माणसं, एकच रक्त. मला त्या पेपरने ओढलं की त्या दाराशी बसलेल्या आजीने, याचं उत्तर मी मुलाखतींत नेहमी पहिलं दिलं.

चाळीतले लोक म्हणायचे, म्हातारीचं आयुष्य 'वंशात' आहे. असतंही थोडं. डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या, जवळपास तीन हजार जोड्यांच्या अभ्यासातून निघालं की आयुष्यातला जो फरक माणसामाणसांत दिसतो त्यातला साधारण चौथा हिस्सा आनुवंशिक आहे. २०१८ मध्ये लाखो वंशावळी तपासून निघालेला आकडा तर दहा टक्क्यांच्याही खाली होता, कारण दीर्घायुषी घरातली माणसं लग्नंही तशाच घरांत करतात आणि तो परिणाम रक्ताच्या खात्यावर जमा होत होता. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ मध्ये जन्मले आणि १९६२ मध्ये गेले, १०४ वर्षं. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव, मुंबईत संततिनियमनाचं काम करणारे आणि 'समाजस्वास्थ्य' चालवणारे, १९५३ मध्ये ७१ व्या वर्षी गेले. वडील त्यांच्यामागे नऊ वर्षं जगले. भाषणात मी हे सांगायची तेव्हा सभागृह हसायचं. 'चिरंजीव' या शब्दावर हसायचं. नंतर नंतर मी ते सांगणं सोडून दिलं.

१९९७ मध्ये गॅरी रुवकुनच्या प्रयोगशाळेने डॅफ-२ म्हणजे काय ते वाचून काढलं. ते निघालं इन्सुलिनचा निरोप घेणाऱ्या ग्राहीचं नातेवाईक. पेशीच्या दारावर एक ग्राही, बाहेर अन्न मुबलक आहे असा निरोप आला की आत कळवणारा: वाढा, पिल्लं घाला. निरोप कमी आला की डॅफ-१६ पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि दुरुस्तीची, जपून राहण्याची जनुकं चालू करतं. मधुमेहाची गोळी घेणारा प्रत्येक मुंबईकर ज्या यंत्रणेशी झगडतो, तीच ही. माणसात डॅफ-१६ चे भाऊबंद 'फॉक्सो' नावाने आहेत आणि २००८ मध्ये हवाईतल्या जपानी वंशाच्या पुरुषांत 'फॉक्सो-३' च्या एका रूपाचा संबंध दीर्घायुष्याशी दिसला. माझं स्वतःचं काम डॅफ-१६ च्या हाताखालच्या एका किरकोळ कारकुनावर. तो नसला तर वाढीव आयुष्य थोडं कमी होतं. थोडंच. ते 'थोडं' खरं आहे हे सिद्ध करायला मला अकरा वर्षं लागली.

कारण नुसती टेकवत बसले नव्हते, सगळं पुन्हा पुन्हा करावं लागत होतं. एका दिवाळीत चार दिवसांची सुट्टी लागली आणि इन्क्युबेटर बंद पडला. २० अंशांवर ठेवलेल्या अळ्या २६-२७ वर गेल्या. परत आले तर डॅफ-२ च्या सगळ्या पिल्लांची सुतासारखी बारीक, काळपट काडी झालेली. ती मेली नव्हती, दाऊर झाली होती. दाऊर हा जर्मन शब्द, टिकून राहणं अशा अर्थाचा. अन्न संपलं, गर्दी झाली, ऊन वाढलं की कोवळी अळी वाढ थांबवते, तोंड बुजवते, खाणं सोडते आणि तशी महिनोन् महिने राहते. कधी शेपटीवर उभी राहून हवेत डुलते, एखादा किडा जवळून गेला तर त्याच्यावर चढून दुसरीकडे जायला. आमच्या डॅफ-२ ला तर तिचा बिघाडच असा होता की जरा उष्मा वाढला की तिला दुष्काळ पडल्यासारखं वाटायचं.

दाऊरचं खरं नवल पुढे आहे. अन्न मिळालं की ती पुन्हा वाढू लागते आणि नंतर नेहमीएवढंच जगते. मधले दोन महिने वयात धरलेच जात नाहीत. १९७६ मध्येच क्लास आणि हर्श यांनी हे दाखवलं होतं.

२००० ते २००४ मी घरी होते. आजी अंथरुणाला खिळली, आईचे गुडघे गेले, आणि नवऱ्याची नोकरी पुण्याला. चार वर्षांनी परत कामाला लागायचं ठरवलं तेव्हा एका निवड समितीत, कुठल्या ते सोडा, एका गृहस्थांनी माझ्या कागदावरची मधली मोकळी जागा बोटाने दाखवून विचारलं, "या काळात काय केलं?" माझ्या तोंडावर आलं होतं, दाऊरमध्ये होते. पण ते खोटं ठरलं असतं. अळीचं वय वाढत नाही, माझं वाढलं. चाळीस पूर्ण झाली होती, केस पांढरे झाले होते, आणि आजीला कुशीवर वळवताना कंबर धरली ती आजतागायत सुटलेली नाही.

त्या चार वर्षांत आजीशी जेवढं बोलले तेवढं त्याआधी कधी नाही. ती मूळ मालवणीतच बोलायची. "काय गो, तुझे किडे कशे आसत?" हा तिचा रोजचा प्रश्न. किडे दुसऱ्या मुलीकडे सोपवून आले होते, तरी मी सांगायची, बरे आहेत. आणि काकाचा विषय निघाला की एकच: "तो येतलो."

कायद्याने सात वर्षं माणसाची काही खबर नसली तर तो मेला असं गृहीत धरता येतं. शास्त्राने बारा वर्षं वाट पाहून पालाशविधी करता येतो, दर्भाचा नाहीतर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. १९९५ मध्ये बारा वर्षं झाली. भटजी घरी येऊन बसले. आजीने त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली आणि सांगितलं, "तेचो पिंड घालूचो नाय. माझो झील जितो आसा." रेशन कार्डावर काकाचं नाव तिने शेवटपर्यंत ठेवलं. दर वेळी कार्ड बदलायचं म्हटलं की कारकून विचारायचा, "हे कुठे असतात?" आजी म्हणायची, "भायर गेलो हा." तेरा, पंधरा, वीस वर्षं बाहेर गेलेला मुलगा.

मी शास्त्रज्ञ आणि ती न शिकलेली. पण तक्ता तिचाच बरोबर होता. काकासमोर १ लिहायला तिच्याकडे काही आधार नव्हता. नाकावर तार टेकवून कोणी पाहिलं नव्हतं.

आजी २००४ मध्ये गेली, ९६ व्या वर्षी. तिच्यात कुठलं जनुक होतं याची मला अजून उत्सुकता आहे. रक्ताचा नमुना घ्यायचं मनात आलं होतं. घेतला नाही. सुई बघून ती म्हणाली असती, आणि काय काढतंस माझ्यातलां?

पुढच्या वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. आमच्या खिडकीतून तर साधा पावसाळी दिवस दिसत होता. कल्याणहून येणारी माझी विद्यार्थिनी दोन दिवस येऊ शकली नाही आणि मी आईकडे लालबागला अडकले. २८ ला प्लेट उघडल्या तर सात मेल्या होत्या. त्या २६ च्या की २७ च्या, की आज पहाटेच्या? तक्त्यात तारीख लिहिता येईना. विद्यार्थिनी म्हणाली, २७ लिहू या, मधली आहे. तशी रीतही असते. पण मी दोन्ही तारखा लिहायला लावल्या. तिला ते हट्टीपणाचं वाटलं असणार.

लोक विचारतात, निसर्गाने म्हातारपण ठेवलंच कशाला? मला जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावार यांचं १९५१ च्या सुमाराचं उत्तर आवडतं. त्यांनी काचेच्या परीक्षानळ्यांचा दाखला दिला होता, मी टपरीवरच्या ग्लासांचा देते. कटिंगचा ग्लास म्हातारा होत नाही, तो फुटतो. रोज थोडे फुटतात, तेवढे नवे येतात. तरी टपरीवर पाहिलंत तर जुने ग्लास कमी आणि नवे जास्त, आणि धंदा बहुतेक नव्यांवर चालतो. आता समजा एखाद्या ग्लासात असा दोष आहे की तो पाच वर्षांनीच तडकतो. चहावाल्याला फरक पडत नाही, पाच वर्षं टिकतात किती? निसर्गाची नजरही अशीच, पिल्लं होऊन गेल्यानंतरच्या वर्षांवर ती पोचत नाही. ज्यांनी हे गणित आधी ओळखलं त्यांत जे. बी. एस. हाल्डेन होते, जे पुढे १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. आणि जास्त जगणाऱ्या डॅफ-२ ला साध्या अळ्यांबरोबर एकाच प्लेटवर सोडलं तर ती काही पिढ्यांतच नाहीशी होते, कारण तिची पिल्लं कमी आणि उशिरा. जास्त जगणं ही कुणाला हवी असलेली गोष्ट नव्हतीच.

आणखी एक हिशेब मला उशिरा सुचला. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, आज ते सत्तरीच्या घरात आहे. दुपटीहून जास्त. डॅफ-२ एवढंच. आणि एकाही जनुकाला हात न लावता. लस, नळाचं पाणी, बाळंतपणात न मरणाऱ्या बाया. दोन्ही दुपटी सारख्या नाहीत हे मला कळतं. आपल्याकडे मुलं वाचली म्हणून सरासरी चढली, तिकडे म्हातारपणच पुढे सरकलं. आजी १९०८ ची, तिला सरासरीने काही दिलं नाही, सरासरीच्या उरावर पाय देऊन ती ९६ जगली. तिच्या सात मुलांपैकी चौघं पाच वर्षांची व्हायच्या आत गेली होती, हे तिने मला त्या चार वर्षांत सांगितलं, नावांसकट. एकेकाची तारीखही तिला पाठ होती.

यंदा आमची चाळ पुनर्विकासाला निघाली. खोलीवर बाबा आणि काका दोघांची नावं. बाबांचा मृत्यूचा दाखला आहे. आई ८८ वर्षांची, खुर्चीत बसून सगळं ऐकत होती. बिल्डरच्या ऑफिसातून आलेला मुलगा नम्र होता. त्याने छापील अर्ज पुढे केला, प्रत्येक भाडेकरूसमोर दोनच पर्याय: हयात, मयत. "मॅडम, मयतवर टिक करा आणि कोर्टातून तेवढं घ्या, सात वर्षांच्या वर झालीत, लगेच मिळतं. नाहीतर तुमचीच फाइल अडकेल."

तो चुकत नव्हता. मी पेन उघडलं. तीस वर्षं विद्यार्थ्यांना जे सांगितलं ते आठवून नव्हे, सवयीने, हात थांबला.

आई म्हणाली, "शेवटचा कधी दिसला ते लिही."

मी दोन्ही चौकोन सोडून बाजूच्या समासात लिहायला लागले: ५ मे १९८३, परळ एस.टी. डेपो, कणकवली गाडी, खिडकीची सीट. मुलगा वाकून पाहत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "हे कम्प्युटरवर चढवायला रकाना नाहीये."